३१ मार्चचा भाव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा गुऱ्हाळाला किती खर्च आला, हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी, त्या यार्डात, समोर उभे असलेले व्यापारी त्या प्रतीच्या रव्याला (गुळाच्या ढेपेला) काय देतात, तो भाव. 'इंड एएस ११३' या भारतीय लेखा मानकातली रास्त मूल्याची, म्हणजे फेअर व्हॅल्यूची व्याख्या याच चालीची आहे: मोजणीच्या तारखेला, बाजारातल्या जाणत्या लोकांमध्ये सुरळीत व्यवहार झाला तर मालमत्ता विकून जी किंमत हाती येईल ती, देणं असेल तर ते दुसऱ्याच्या अंगावर सोपवायला जी किंमत मोजावी लागेल ती. विकतानाचा भाव, घेतानाचा नव्हे. आणि मालकाच्या मनातला तर नव्हेच.

गुळाचं उदाहरण आणखी एका कामाला येतं. माल कोल्हापुरात विकायचा की सांगलीला, हा प्रश्न आला की आधी मुख्य बाजार ठरवायचा. त्या मालाची सर्वात जास्त उलाढाल जिथे होते तो. मुख्य बाजार मिळाला की भाव तिथलाच, दुसरीकडे दोन रुपये जास्त मिळत असले तरी. तिथवर नेण्याचं गाडीभाडं भावातून वजा होतं, कारण माल कुठे आहे हा मालाचाच गुण आहे. दलाली, हमाली, तोलाई वजा होत नाही, तो व्यवहाराचा खर्च. शेअर आणि रोख्यांना गाडीभाडं नसतं, पण ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) वजा करून फेअर व्हॅल्यू दाखवलेली पुष्कळ वर्किंगमध्ये दिसते. ती चूक आहे.

हे कुणाला लागू, ते आधी सांगून टाकतो. बँका, विमा आणि वित्त कंपन्या सोडून, नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना एप्रिल २०१६ पासून इंड एएस लागू झालं. एप्रिल २०१७ पासून इतर सूचिबद्ध कंपन्या आणि २५० कोटींच्या वरच्या असूचिबद्ध कंपन्या आल्या. त्यांच्या होल्डिंग, उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रमही त्यात ओढले जातात, म्हणून कागलच्या एखाद्या छोट्या युनिटलाही मोठ्या गटामुळे हे करावं लागतं. एसएमई एक्स्चेंजवरच्या कंपन्यांना सूट आहे. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यांना हे लागू नाही. मात्र जुन्या एएसवर, म्हणजे आधीच्या लेखा मानकांवर, चालणाऱ्या कंपन्यांनी 'आपला संबंध नाही' असं समजू नये. आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेची डेरिव्हेटिव्हवरची गाइडन्स नोट एप्रिल २०१६ पासून लागू आहे. पुढे होणाऱ्या विक्रीसाठी घेतलेला फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा परकीय चलनाचा दर आजच बांधणारा करार) त्यांनाही फेअर व्हॅल्यूवरच आणावा लागतो. ताळेबंदात आधीच उभ्या असलेल्या, वसूल व्हायच्या रकमेसाठी घेतलेल्या फॉरवर्डला तेवढं एएस ११ (परकीय चलनाचं जुनं मानक) लागू राहतं.

लेव्हल १, २ आणि ३ हे शब्द सगळ्यांना पाठ असतात, पण त्यांचा अर्थ कित्येकदा 'सोपं, मध्यम, अवघड' असा घेतला जातो. तसं नाही. प्रश्न एवढाच, की हिशेबात घातलेला आकडा आला कुठून. अगदी तशाच वस्तूचा चालू बाजारातला भाव जसाच्या तसा घेतला तर लेव्हल १. बाजारात दिसणाऱ्या दुसऱ्या आकड्यांवरून काढला तर लेव्हल २. निर्णायक आकडा बाजारात दिसतच नाही, तो आपण अंदाजाने धरला, तर लेव्हल ३. आणि निकाल सर्वात खालच्या महत्त्वाच्या आकड्यावर लागतो. नऊ आकडे बाजारातले आणि दहावा, ज्यावर सगळं उत्तर हलतं, तो घरचा असेल तर सगळं लेव्हल ३.

सूचिबद्ध शेअरमध्ये फार काही नाही: बंद भाव गुणिले संख्या. पाच टक्के हिस्सा एकदम विकायला काढला तर भाव पडेल, म्हणून सूट, असं लेव्हल १ मध्ये चालत नाही. बाजार कोसळला म्हणूनही भाव नाकारता येत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. त्यानंतर आठ दिवसांनी आलेल्या ताळेबंदात 'हा खरा भाव नव्हे, घबराटीचा आहे' असं म्हणून जानेवारीची किंमत ठेवण्याला मानकात कुठेही आधार नव्हता. शेअर हजारो लोक घेत-विकत होते, कुणावर विकण्याची सक्ती नव्हती. भाव वाईट असणं आणि व्यवहार सुरळीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तारखेचा घोळ मात्र जवळजवळ दर वर्षी होतो. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता आणि २९ तारखेला गुड फ्रायडे, म्हणून शेअरचा शेवटचा भाव गुरुवार २८ मार्चचा. २०२५ मध्ये ३१ मार्चला रमजान ईद आली, तेव्हा शेवटचा भाव शुक्रवार २८ मार्चचा. अशा वेळी मागचा शेवटचा भाव घ्यायचा, १ एप्रिलचा नाही. मधल्या सुट्टीत किमतीवर परिणाम करणारी मोठी बातमी आली असेल तर भावात बदल करता येतो, पण बदल केला की ते लेव्हल १ राहत नाही. म्युच्युअल फंडाचंही तेच: त्या तारखेची एनएव्ही (एका युनिटची किंमत), स्टेटमेंट डाउनलोड केलेल्या दिवसाची नव्हे.

आता फॉरवर्डकडे, कारण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक पट्ट्यात सर्वात जास्त चुका इथेच होतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. कास्टिंग निर्यात करणाऱ्या फाउंड्रीने डिसेंबरमध्ये ५ लाख डॉलर ३० जूनला ८४.६० ने विकण्याचा फॉरवर्ड केला. ३१ मार्चला स्पॉट, म्हणजे चालू दर, ८५.५०, आणि तीन महिन्यांचं प्रीमियम, म्हणजे पुढच्या तारखेसाठीचा वाढीव दर, ४५ पैसे. म्हणजे त्या दिवशी ३० जूनचा डॉलर विकायला गेलं असतं तर ८५.९५ मिळाले असते. आपण ८४.६० ला बांधलेलो आहोत. फरक १.३५ रुपये, गुणिले ५ लाख, ६,७५,००० रुपये. पण हा तोटा ३० जूनला बसणार. आज त्याची किंमत काढायला ९१ दिवस मागे यायचं. त्या मुदतीचा रुपयाचा दर ७ टक्के धरला तर ६,७५,००० भागिले १.०१७४५, उत्तर सुमारे ६,६३,४२०. एवढं देणं ताळेबंदात.

सर्रास होणारी चूक म्हणजे कराराचा दर थेट स्पॉटशी ताडून पाहणं. तसं केलं तर ९० पैशांचा फरक, ४,५०,००० चा तोटा, आणि दोन लाखांहून जास्त रक्कम पुस्तकाबाहेर राहते. प्रीमियम हा व्यवहाराचाच भाग आहे. करार करताना तो दरात धरला होता, मग मोजताना सोडून कसा चालेल?

दर कुठून घ्यायचे? एफबीआयएल ही संस्था रोजचा संदर्भ दर जुलै २०१८ पासून ठरवते, त्याआधी ते काम रिझर्व्ह बँक करायची. फॉरवर्ड प्रीमियमची वक्ररेषाही, म्हणजे मुदतीनुसारचं प्रीमियम, एफबीआयएल देते. आपली तारीख महिन्याच्या टोकाला नसेल तर दोन टोकांच्या मधला दर दिवसांच्या प्रमाणात काढायचा. करार १७ जुलैचा, ३० जूनचं प्रीमियम ४५ पैसे, ३१ जुलैचं ६० पैसे. ३१ पैकी १७ दिवस पुढे, म्हणून ४५ अधिक ८.२, म्हणजे ५३.२ पैसे. प्रीमियम टक्केवारीत दिलेलं असेल तर आधी पैशांत आणायचं, आणि स्पॉटची तारीख दोन कामकाजी दिवस पुढची असते हे दिवस मोजताना विसरायचं नाही.

बहुतेक जण बँकेकडून एमटीएमचं (उघड्या करारांच्या त्या दिवशीच्या किमतीचं) पत्र मागवतात आणि आकडा तसाच उचलतात. पत्र जरूर मागवा, पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय नोंद टाकू नका. एक, आकडा कुणाच्या बाजूने आहे? बँकेच्या सिस्टीममधून निघालेल्या पत्रात 'अधिक' म्हणजे बँकेचं येणं असू शकतं, म्हणजे आपलं देणं. चिन्ह उलटं लागलं तर चूक दुप्पट होते: ६.६३ लाखांचा तोटा ६.६३ लाखांचा नफा म्हणून उभा राहतो, फरक सव्वातेरा लाखांचा. दोन, पत्र कोणत्या तारखेचं, आणि त्या तारखेला उघडे असलेले सगळे करार त्यात आहेत का? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रद्द केलेला किंवा पुढे ढकललेला करार हमखास निसटतो. तीन, रक्कम आजच्या किमतीत आणलेली आहे की मुदतीच्या दिवसाची. शिवाय 'महिन्यात कधीही' अशी मुभा असलेला करार असेल तर निर्यातदाराला बँक प्रीमियम मुभेच्या पहिल्या दिवसापर्यंतचंच देते. तिथे महिन्याचा शेवटचा दिवस धरून मोजलं तर उत्तर फुगतं.

देणं मोजताना आपण स्वतः बुडण्याचा धोकाही किमतीत धरायचा असतो, येणं असेल तर बँक बुडण्याचा. तीन महिन्यांच्या फॉरवर्डमध्ये हा आकडा किरकोळ येतो, पण 'किरकोळ आहे' हे दाखवणारा अर्ध्या पानाचा हिशेब फाइलला लावावा. पाच वर्षांच्या स्वॅपमध्ये (व्याज किंवा चलनाच्या अदलाबदलीच्या करारात) तो किरकोळ नसतो.

कोल्हापूर भागाचा खास प्रश्न म्हणजे नागरी सहकारी बँकांचे शेअर. पुष्कळ बँकांत कर्जाबरोबर शेअर घ्यावे लागतात, तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारण कर्जावर पाच टक्के. मग ४ कोटींच्या तारणी कर्जावर १० लाखांचे शेअर पुस्तकात येऊन बसतात. यावर दोन टोकाची उत्तरं दिली जातात. एक म्हणतं, दर्शनी किंमत हीच फेअर व्हॅल्यू, विषय संपला. दुसरं म्हणतं, बँकेच्या राखीव निधीसकट पुस्तकी मूल्य काढा. दुसरं तर साफ चूक, कारण सभासदाला शेअर परत करताना दर्शनी रक्कमच मिळते, राखीव निधीत त्याचा वाटा नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे लाभांशालाही १५ टक्क्यांची मर्यादा आहे. पहिलं उत्तर पुष्कळदा बरोबरच्या जवळ जातं, पण ते हिशेबाने दाखवायला हवं. कर्ज आणखी ४ वर्षं चालणार, लाभांश ८ टक्के मिळतो, आणि एवढ्या जोखमीवर बाजारातला गुंतवणूकदार १२ टक्के मागेल असं धरू. ८० हजारांचे चार लाभांश आणि शेवटी १० लाख, हे १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर सुमारे ८.७९ लाख होतात. फरक १.२१ लाख. कंपनीच्या आकारमानात तो नगण्य असेल तर दर्शनी किंमत ठेवावी, पण हा कागद फाइलला असावा. लाभांश बंद पडला असेल, किंवा बँकेवर निर्बंध आले असतील, तर मात्र हाच हिशेब उत्तर पार बदलतो. तेव्हा दर्शनी किंमत धरून बसणं बरोबर नाही.

अनामत रकमांचं थोडक्यात. गोदामासाठी १० लाख बिनव्याजी अनामत, ५ वर्षांनी परत, बाजारदर ९ टक्के: पहिल्या दिवशीची फेअर व्हॅल्यू ६,४९,९३० च्या आसपास. उरलेले साडेतीन लाख तोटा नाहीत, ते आगाऊ दिलेलं भाडं आहे. इंड एएस ११६ या भाडेपट्ट्याच्या मानकाखाली ते वापरहक्काच्या मालमत्तेत जातात, आणि अनामत दर वर्षी व्याजाने वाढत जाऊन पाचव्या वर्षाअखेर १० लाख होते. महावितरणच्या सुरक्षा ठेवीवर व्याज मिळतं, तिथे हा व्याप सहसा लागत नाही. डीलरकडून घेतलेली ठेव त्याने मागताक्षणी परत द्यायची असेल तर ती कमी करून दाखवता येत नाही. मागता येणारी पूर्ण रक्कम हीच तिची किमान किंमत.

सर्वात जास्त वाद असूचिबद्ध शेअरवर होतो. एका फाउंड्रीत १२ टक्के हिस्सा आहे असं धरू. व्याज, घसारा आणि करापूर्वीचा नफा, म्हणजे एबिटडा, १८ कोटी. तशाच सूचिबद्ध कास्टिंग कंपन्यांवरून जमवलेला गुणक, म्हणजे कंपनीची किंमत एबिटडाच्या किती पट, तो ७. उद्योगमूल्य १२६ कोटी. त्यातून निव्वळ कर्ज ४१ कोटी वजा, भागभांडवलाचं मूल्य ८५ कोटी. शेअर सहज विकता येत नाही म्हणून २० टक्के सूट, राहिले ६८ कोटी. त्याचे १२ टक्के म्हणजे ८.१६ कोटी.

हिशेब पाच ओळींचा आहे, पण प्रत्येक ओळीत खोच आहे. एबिटडात जुनं भंगार किंवा जमीन विकल्याचा नफा मिसळलेला असेल तर तो आधी बाहेर काढायचा, नाहीतर एकदाच आलेला रुपया सातपट होतो. घरच्या संचालकांचा पगार बाजारापेक्षा फार कमी किंवा फार जास्त असेल तर तोही सारखा करायचा. भाडेपट्ट्याचं भाडं इंड एएस ११६ मुळे एबिटडाच्या वर दिसत नसेल तर भाडेपट्ट्याचं देणं कर्जात धरायलाच हवं. तुलनेच्या कंपन्या निवडताना 'फाउंड्री' एवढी पाटी पुरत नाही: ट्रॅक्टरचे ग्रे आयर्न कास्टिंग करणारी आणि मशीनिंग करून निर्यात करणारी यांचे नफ्याचे दर आणि चक्रं वेगळी. बाजारात रोज दिसणारा शेअरचा भाव हा मुळातच छोट्या हिस्स्याचा भाव असतो. त्यावरून काढलेल्या गुणकावर पुन्हा 'अल्पसंख्य हिस्सा' म्हणून सूट लावली तर एकच गोष्ट दोनदा वजा होते. विक्रीयोग्यतेची सूट देताना शेअरलाच चिकटलेलं बंधन आणि आपण स्वतः घातलेलं बंधन वेगळं ओळखायचं. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) 'आधी इतर भागधारकांना विचारा' असं कलम असेल तर घेणाऱ्यालाही ते लागू, म्हणून किमतीत धरता येतं. आपणच बँकेकडे शेअर गहाण ठेवले असतील तर ते आपलं दुखणं, शेअरचं नाही.

नुकताच झालेला व्यवहार हा उत्तम पुरावा, पण कोणता व्यवहार? कुटुंबातल्या लोकांनी १० रुपयांच्या दर्शनी किमतीने घेतलेला राइट्स इश्यू भाव दाखवत नाही. बाहेरच्या गुंतवणूकदाराने मोजलेली किंमत दाखवते. अशी किंमत मिळाली तर आपलं मॉडेल त्या दिवशी तीच किंमत देईल असं जुळवून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी त्याच जुळणीवरून पुढे जायचं. एक वर्ष गुणक, पुढच्या वर्षी डीसीएफ (पुढच्या रोख आवकेची आजची किंमत काढण्याची पद्धत), तिसऱ्या वर्षी पुन्हा गुणक, असं फक्त उत्तर सोयीचं यावं म्हणून करणं मानकाला मान्य नाही.

आणि कृपया आयकराच्या १९६२ च्या नियमांतल्या ११ यूएचं सर्टिफिकेट इथे जोडू नका. त्यातलं सूत्र करासाठी ठरवून दिलेलं आहे, मुख्यतः पुस्तकी आकड्यांवर बेतलेलं. बाजारातला खरेदीदार त्या सूत्राने भाव करत नाही. कोल्हापुरातच नव्हे, सगळीकडे ही सवय पडली आहे, कारण ते सर्टिफिकेट आधीच फाइलला असतं. रजिस्टर्ड व्हॅल्यूअरकडून अहवाल घेतला तरी त्यातले अंदाज कंपनीचेच राहतात. व्यवस्थापनाने दिलेली विक्रीवाढ दर वर्षी १८ टक्के आणि गेल्या पाच वर्षांतली प्रत्यक्ष वाढ ७ असेल, तर तो प्रश्न व्हॅल्यूअरने नाही, फायनान्सच्या माणसाने आधी विचारायला हवा.

गॅरंटीकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. होल्डिंग कंपनीने उपकंपनीच्या कर्जाला कॉर्पोरेट गॅरंटी दिली, फी काही घेतली नाही, म्हणून नोंद नाही. इंड एएस १०९ या वित्तीय साधनांच्या मानकाप्रमाणे गॅरंटी दिल्या दिवशी फेअर व्हॅल्यूने देणं म्हणून उभी करायची. ती काढण्याचा सोपा मार्ग व्याजातल्या फरकाचा. गॅरंटीसह कर्ज ९.५० टक्क्यांनी मिळालं, गॅरंटीशिवाय बँकेने १०.७५ घेतले असते. कर्ज १० कोटी, ३ वर्षांनी एकरकमी फेड: वर्षाला १२.५ लाखांचा फायदा, १०.७५ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणला की सुमारे ३०.६८ लाख. होल्डिंग कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात ही रक्कम एका बाजूला देणं, दुसऱ्या बाजूला उपकंपनीतली गुंतवणूक. गॅरंटीशिवायचा दर मात्र बँकेच्या मंजुरीपत्रात लिहिलेला नसतो. तो उपकंपनीच्या मानांकनावरून किंवा बँकेच्या लेखी उत्तरावरून पक्का करावा लागतो. जीएसटीच्या नियम २८(२) मधला वर्षाला १ टक्का इथे आणून चालणार नाही, तो कर आकारण्यासाठी ठरवलेला आकडा आहे. हप्त्याने फेड असेल तर दर वर्षीच्या शिल्लक कर्जावर फरक काढायचा, सुरुवातीच्या १० कोटींवर नाही.

राहिली ताळेबंदासोबत छापायची नोट. लेव्हल ३ साठी सुरुवातीची शिल्लक, खरेदी, विक्री, नफा-तोट्यात गेलेला बदल, ओसीआयमध्ये (नफा-तोट्याबाहेरच्या इतर सर्वसमावेशक उत्पन्नात) गेलेला बदल आणि अखेरची शिल्लक असा पूर्ण ताळा लागतो, आणि न दिसणारे आकडे किती धरले तेही लिहावं लागतं. वरच्या फाउंड्रीत गुणक ७ चा ६.५ केला तर १२ टक्के हिस्सा ८.१६ वरून ७.३० कोटींवर येतो. गुणक सात टक्क्यांनी घटला, मूल्य साडेदहा टक्क्यांनी. कर्ज तेवढंच राहतं म्हणून असं होतं, आणि कर्ज जितकं जास्त तितकी ही दरी रुंद. विक्रीयोग्यतेची सूट २० ची २५ केली तर ५१ लाख कमी. 'अंदाजांत वाजवी बदल झाल्यास मूल्यावर परिणाम होऊ शकतो' एवढं एक वाक्य छापून ही नोट पूर्ण होत नाही. ८६ लाख आणि ५१ लाख हे दोन आकडे तिथे दिसायला हवेत.